बारा टोकांची चांदणी

आमच्या शाळेच्या पडवीची एक भिंत ओलीने फुगली आहे. ती झाकावी म्हणून गेल्या वर्षी मी मुलांना निरनिराळ्या देशांची निशाणे काढायला लावली. हेतू तेवढाच. धीट मुले मोठ्या देशांवर तुटून पडली. चौथीतल्या एका मुलीच्या वाट्याला उरलेला देश आला, नाउरू. निळी जमीन, मधून एक पिवळी पट्टी आणि पट्टीखाली डाव्या अंगाला एक पांढरी चांदणी. काम सोपे म्हणून ती खूश झाली. पण चांदणी काढायला बसली आणि रडकुंडीला आली. तिला बारा टोके होती!

मी कंपास घेतला. वर्तुळाचे सहा भाग पाडले, मग प्रत्येकाचे दोन. ती म्हणाली, "बाई, बाराच का?" मला ठाऊक नव्हते. मी मॅट्रिकच्या पुढे गेले नाही आणि माझ्या वेळच्या भूगोलात प्रशांत महासागर म्हणजे नकाशावरची एक मोठी निळी पोकळी होती. त्या रात्री शोधायला बसले, ती वर्षभर त्यात गुंतून राहिले. हाती घेतलेली कादंबरी बाजूला पडली, याचे मला फारसे वाईट वाटत नाही.

देश एकवीस चौरस किलोमीटरचा. किनाऱ्याने एक रस्ता जातो आणि एकोणीस किलोमीटरवर पुन्हा स्वतःला येऊन मिळतो. पिवळी पट्टी हे विषुववृत्त. त्याच्या जरा दक्षिणेला बेट, म्हणून चांदणी पट्टीखाली. बारा टोके ही तिथली बारा कुळे. कूळ आईकडून येते. लग्न झाल्यावर मी माझे आडनाव माहेरी ठेवून आले. तिथल्या बाईचे कूळ तिच्या मुलांतून पुढे चालते. हे वाचले तेव्हा मी थोडा वेळ पुस्तक मिटून बसले होते.

बारांपैकी दोन कुळांत आज कोणी उरलेले नाही. हे मी वर्गात सांगितले तेव्हा ती मुलगी लगेच म्हणाली, "मग बाई, दोन टोकं खोडू?"

"नको, नको," मी घाईने म्हणाले. का नको, ते मला सांगता आले नसते.

या लोकांना मोजले जाण्याची सवय फार जुनी. १९२० साली इन्फ्लुएंझाची साथ आली आणि आधीच थोडी असलेली माणसे आणखी थोडी झाली. कारभार ऑस्ट्रेलियाकडे होता. एक समाज म्हणून टिकायचे तर निदान १,५०० माणसे हवीत, असे तिथल्या अधिकाऱ्याने ठरवले. तो आकडा त्याने कुठून काढला, देव जाणे. पण लोकांनी तो मनावर घेतला. २६ ऑक्टोबर १९३२ रोजी पंधराशेवे माणूस जन्माला आले आणि बेटभर आनंद झाला. तो दिवस अजून दरवर्षी पाळतात. त्याला म्हणतात अंगाम. त्या शब्दात आनंदोत्सव आहे आणि घरी येऊन पोचणेही आहे. आमच्याकडे त्याच सुमारास दिवाळीचे फराळ चाललेले असतात.

पुढे महायुद्ध आले. जपान्यांनी बेट घेतले आणि १९४३ साली बाराशे माणसे उचलून दूर ट्रुक बेटावर मजुरीला नेली. ३१ जानेवारी १९४६ रोजी त्यांतली ७३७ परत आली. १,५०० चा आकडा पुन्हा गाठायला १९४९ साल उजाडले. स्वातंत्र्य मिळाले तेही १९६८ च्या ३१ जानेवारीलाच. तारीख मुद्दाम निवडलेली. पहिले अध्यक्ष हॅमर डिरॉबर्ट स्वतः ट्रुकहून परतलेल्यांपैकी होते. एके काळी ते शाळामास्तर होते, हे सांगायचा मोह मला आवरत नाही.

त्यांच्या राजचिन्हाकडे मी पुष्कळदा पाहत बसते. भोवताली सरदारांचे साज: माडाच्या पातीचे दोर, पक्ष्याची पिसे, शार्कचे दात. आत एक काळा फ्रिगेट पक्षी, आणि त्याच्या वर, मधोमध, जुन्या किमयागारांची फॉस्फरसची खूण. १९०० च्या सुमारास सिडनीतल्या एका कचेरीत दार अडवायला नाउरूचा एक दगड ठेवलेला असे. अल्बर्ट एलिस नावाच्या माणसाने तो तपासला, तर अस्सल फॉस्फेट! मग बेट खणायला सुरुवात झाली. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडची शेते त्या खताने हिरवी झाली आणि बेटाचा जवळजवळ चार-पंचमांश भाग चुनखडीच्या उघड्या सुळक्यांचा झाला. माणसे किनाऱ्याच्या कडेला राहतात. ज्याने पोखरले तेच मस्तकी धरणारा दुसरा देश मला माहीत नाही. यात अभिमान आहे की कडवटपणा, हे मला अजून उमगलेले नाही.

फॉस्फरसच्या खाली, पक्ष्याच्या शेजारी एक फुलांची डहाळी आहे. ते टोमानो. नाव परके वाटले; चित्र पाहिले आणि हसू आले. ही तर आमची उंडी! शाळेमागच्या पुळणीवर हिची झाडे आहेत, मुले हिच्या बिया गोट्यांसारख्या खेळतात, आणि आजीच्या वेळी हिचे कडू तेल दिव्यात जळत असे.

राज्यकारभार म्हणाल तर आमच्या एखाद्या तालुक्याहून लहान. एकोणीस सभासदांची लोकसभा. तेच आपल्यातून अध्यक्ष निवडतात. सैन्य नाही. मौज मतदानाची आहे. मतदाराने सर्व उमेदवारांना क्रम द्यायचा. पहिल्याला पूर्ण मत, दुसऱ्याला अर्धे, तिसऱ्याला एक तृतीयांश. १९७१ साली डाउडॉल नावाच्या आयरिश गृहस्थाने ही रीत घालून दिली. अपूर्णांकांची बेरीज कुठे उपयोगी पडते, असे मुले विचारतात. मला आता उत्तर मिळाले आहे. पैसा आला, उधळला गेला, मेलबर्नमध्ये बावन्न मजली इमारत उठली आणि २००४ साली विकली गेली, हेही मी वाचले. त्यात माझे मन रमत नाही.

मन रमते ते १९६४ सालात. बेट खणून संपणार, तेव्हा सगळ्यांनी क्वीन्सलँडजवळच्या कर्टिस बेटावर राहायला यावे, असे ऑस्ट्रेलियाने सुचवले. जमीन मिळाली असती, घरे मिळाली असती. पण तिथे ते ऑस्ट्रेलियाचे नागरिक झाले असते, नाउरूचे उरले नसते. ते नको म्हणाले.

आमच्या शाळेचा पट एकवीस. पट विसाच्या खाली गेला तर मुलांना शेजारच्या गावातल्या शाळेत घालावे लागेल, असा कागद आला आहे. नेमकी संख्या कळवायची आहे. आणि जूनमध्ये त्या चांदणीवालीचे बिऱ्हाड पनवेलला गेले, तिच्या धाकट्या भावासकट. निशाण भिंतीवर आहे. निळा रंग ओलीने थोडा उतरला आहे.

सुट्टी संपली की उत्तर पाठवायचे. दोघांची नावे अजून पटावर आहेत. दाखल्याचा अर्ज आलेला नाही, आणि मी तो मागितलेला नाही.