संगीताचा उपचार आणि मुका हेडफोन

संगीताने वेदना शमतात, हे आपण इतक्या वेळा ऐकले आहे की त्याचा पुरावा मागणे अरसिकपणाचे वाटावे. दिल्लीच्या मौलाना आझाद वैद्यकीय महाविद्यालय आणि लोकनायक रुग्णालयातील संशोधकांनी तो मागितला. त्यांच्या अभ्यासाची बातमी २०२५ मध्ये आली. दुर्बिणीतून पित्ताशय काढण्याची शस्त्रक्रिया व्हायची होती अशा ५६ प्रौढ रुग्णांवर तो झाला. हेडफोन दोन्ही गटांच्या कानांवर होते. बासरीचे किंवा पियानोचे सूर मात्र एकाच गटाला ऐकवले गेले. रुग्ण पूर्ण भुलेखाली होते. तरीही ज्यांच्या कानांत संगीत होते त्यांना प्रोपोफॉल आणि फेंटानिल ही औषधे कमी लागली, आणि त्यांचे शुद्धीवर येणेही अधिक सुरळीत झाले.

या बातमीत मला सर्वांत मोलाचा वाटला तो दुसऱ्या गटाच्या कानांवरचा मुका हेडफोन. तो नसता तर लाभ सुरांचा की बाहेरचा गोंगाट अडल्याचा, हे कसे कळले असते? भुलेने जाणीव लोपते, पण श्रवणाचा मार्ग सर्वस्वी बंद होत नाही. आणि जाणीव नसतानाही शरीर शस्त्राला प्रतिसाद देते, नाडी वाढते, रक्तदाब चढतो. सुरांचा परिणाम शोधायचा तो याच ठिकाणी.

अभ्यास लहान आहे, पण एकाकी नाही. २०१५ मध्ये ‘लॅन्सेट’ने ७३ यादृच्छिक चाचण्यांचा आढावा प्रसिद्ध केला. संगीतामुळे शस्त्रक्रियेनंतरची वेदना, चिंता आणि वेदनाशामकांची गरज कमी झाली होती. रुग्णालयातील मुक्काम मात्र कमी झाला नव्हता. संगीत कोणते निवडले, यानेही फारसा फरक पडला नव्हता.

हे शेवटचे वाक्य आमच्या घरी फार उपयोगी पडले. माझ्या आत्याला पक्षाघाताचा झटका आला आणि मेंदूच्या डाव्या भागाला इजा होऊन तिची वाचा गेली. पाणी मागायलाही शब्द सापडेना; पण जन्मभर भजनात म्हटलेले अभंग ती शब्दांसह गाऊ शकत होती. आम्हाला तो चमत्कार वाटला. वैद्यकाला ही गोष्ट जुनीच ठाऊक आहे. तिच्याच आधारे बोस्टनमधील संशोधकांनी १९७३ मध्ये वाचाघातासाठी स्वरबद्ध उच्चाराची उपचारपद्धती मांडली. छोटी वाक्ये दोन स्वरांत गुणगुणायची, डाव्या हाताने ठेका धरायचा आणि हळूहळू साध्या बोलण्याकडे यायचे. यात श्रेय सुरांचे किती, लयीचे किती आणि पाठांतराचे किती, यावर अजून वाद आहे. वाचा-उपचारतज्ज्ञांनी आत्याकडून ‘पाणी दे’ हे दोन शब्द असेच घोटवून घेतले. ते ती प्रथम म्हणाली, तेव्हा घरातले सारे जण स्तब्ध झाले.

त्याच सुमारास नात्यातल्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर एक यादी आली: कोणत्या व्याधीवर कोणता राग. रक्तदाबासमोरही एका रागाचे नाव होते. ‘गाण्याने वाचा येते, तर गोळ्या कशाला?’ असे एका वडीलधाऱ्यांनी प्रेमानेच विचारले. आत्याच्या बाबतीत हा प्रश्न जिवाशी खेळणारा होता. वाढलेला रक्तदाब म्हणजे दुसऱ्या झटक्याला निमंत्रण. मी त्यांना एवढेच विचारले, ‘काका, हा राग ऐकणाऱ्यांची तुलना कोणाशी केली होती?’ यादीत त्याचे उत्तर नव्हते. ७३ चाचण्यांतही अमुक संगीत अमुक व्याधीवर, असे काही निघाले नव्हते.

विद्यार्थीमित्रांनो, हा प्रश्न संगीताचा अवमान करत नाही. संगीताचे खरे बळ कोठे आहे आणि कोठे नाही, हे त्यानेच कळते. वेदना, चिंता, हरवलेली वाचा या ठिकाणी सूर औषधाच्या जोडीला उभे राहतात. औषधाची जागा ते घेत नाहीत. आत्या सकाळी रक्तदाबाची गोळी घेते आणि मग गायला बसते. दोन्हींत आम्ही खंड पडू देत नाही.