मोहाचा सडा आणि तांड्यावरची होळी

फाल्गुनात यवतमाळला कुणी जातं का, असं तुम्ही म्हणाल. ऊन तर तापायला लागलेलं असतं! पण मैत्रिणींनो, हा जिल्हा बघावा तो याच दिवसांत. रेल्वेने धामणगावला उतरून एसटी धरा, नाहीतर नागपूरहून थेट बसने या. वाटेवर पळस नुसता पेटलेला असतो, आणि पांढरकवडा-घाटंजीकडच्या रानात मोहाची फुलं गळायला लागलेली असतात.

मोह गळतो तो पहाटे. गोंड आणि कोलाम बायका उजाडायच्या आत टोपल्या घेऊन निघतात. झाडाखालची जागा आधीच साफ केलेली असते, म्हणजे पिवळसर, रसरशीत फूल चटकन दिसतं. अंगणात वाळवलं की वर्षाची बेगमी झाली. फुलं भाजून तीळ-गुळासंगे कुटली की झकास लाडू होतात बरं का! बियांचं तेलही निघतं.

पुसद-दिग्रसकडे वळलात तर बंजाऱ्यांचे तांडे लागतात. अकरा वर्षांहून अधिक काळ मुख्यमंत्री राहिलेले वसंतराव नाईक पुसद तालुक्यातल्या गहुलीचे. तांड्यावरची होळी आपल्यासारखी संध्याकाळी नाही, बहुतेक ठिकाणी ती पहाटे पेटते. आधी नायकाची परवानगी घ्यायची, मग लेंगी गाणी, फेर धरून नाच. आरशांची कांचळी आणि घेरदार फेटिया घातलेल्या बायका हातात काठ्या घेऊन पुरुषांना पळवतात, आणि त्या दिवशी पुरुषांनी मुकाट्याने मार खायचा! वर्षभरात जन्मलेल्या मुलाचा ‘धुंड’ विधीही याच वेळी होतो.

सणाबरोबर पेला आलाच. गोंडांच्या देवकार्यात मोहाच्या दारूचा मान आहे. हे काही आपल्याकडेच नाही हं! ऑस्ट्रियातल्या साल्झबुर्ग शहरात संत रूपर्टच्या नावाने सप्टेंबरात मोठी जत्रा भरते, आणि तिथे बिअरचे मग रिकामे होतात. त्याच शहरात मठातल्या साधूंनी १६२१ साली सुरू केलेला बिअरचा कारखाना आजही चालू आहे. तिथे मग स्वतः विसळून घ्यायचा, आणि खाण्याचा डबा घरून नेला तरी चालतो!

पण साल्झबुर्गची जत्रा चार-पाच दिवसांत आटोपते. आपल्याकडे सण सरतो, बाटली मात्र सरत नाही, आणि तिचा हिशेब बाईच्या डब्यातल्या पैशांतून चुकता होतो. पहाटे फूल वेचणारी तीच, आणि रात्री त्याच फुलाच्या दारूपायी मार खाणारीही पुष्कळदा तीच. शेजारच्या वर्ध्यात दारूबंदी आहे. चंद्रपुरात ती २०१५ साली आली आणि २०२१ मध्ये उठली. मध्ये वसलेल्या यवतमाळच्या बायकांनीही बंदीसाठी मोर्चे काढले, पण जिल्ह्यात बंदी काही झालेली नाही.

तरी एक हत्यार आपल्या हाती आहे, ते प्रत्येकीला ठाऊक हवं. गावातल्या वा वॉर्डातल्या निदान २५ टक्के महिला मतदारांनी अर्ज केला तर परवान्याच्या दारू दुकानावर मतदान घेता येतं. चिठ्ठीवर दोन चित्रं असतात: उभी बाटली आणि आडवी बाटली. एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक जणींनी आडवी बाटली निवडली की दुकान बंद. गैरहजर राहिलेली बाई उभ्या बाटलीच्याच पारड्यात जाते, म्हणून त्या दिवशी भाकऱ्या थोड्या उशिरा झाल्या तरी चालतील!

तेव्हा यंदा या, होळी पाहा. तांड्यावर जाताना आधी नायकाला विचारा, विचारल्याशिवाय फोटो काढू नका. आणि येताना पिशवीत वाळलेला मोह आणायचा झाला, तर तो वेचणाऱ्या बाईच्याच हातून घ्या, भाव पाडून मागू नका. तिची पहाट त्यात गेलेली असते.