कराचीचा फोन

आमची एक फुफी फाळणीनंतर कराचीला गेली. कोकणी मुसलमानांत अशी कितीतरी घरं आहेत, ज्यांचे अर्धे नातलग इकडे आणि अर्धे तिकडे. ईदला एक फोन, कुणी गेलं तर एक फोन, एवढाच संबंध उरलेला. 2008च्या नोव्हेंबरअखेर ना ईद होती ना घरात कुणाची मयत, तरी फुफीच्या मुलाचा फोन आला.

26 तारखेच्या बुधवारी रात्री सुरू झालेला हल्ला शनिवारी सकाळी ताजमहाल हॉटेलात संपला होता. 166 माणसं गेली. आमचं मन मात्र ताजपेक्षा सीएसटीच्या फलाटावर अडकलं होतं. बोचकी, ट्रंका घेऊन गावच्या गाडीची वाट बघत बसलेली ती माणसं. त्यांत आमच्या कौमचीही होती. एका कुटुंबातली तर सहा. तिथे गोळीने कुणाला नाव विचारलं नाही.

भाईजान आम्हांला मोठे. खुशाली विचारून झाली आणि ते म्हणाले, "ती पोरं आमची नाहीत. हे तुमच्याच सरकारचं नाटक आहे. तुम्ही तिकडे मुसलमान असून बोलत का नाही?"

आम्ही "अब्बांना सलाम सांगतो" म्हणून फोन ठेवला. वडीलधाऱ्याला उलट बोलायचं नाही, ही सबब चांगली होती. खरं म्हणजे आम्ही घाबरलो होतो. कराचीशी काय बोललो, हे उद्या कुणी विचारलं तर? त्या दिवसांत दाढी-टोपीकडे लोकलमध्ये लोक कसे बघत होते, हे या वाचकांना सांगायला नको.

भाईजान तरी काय, आपल्या राष्ट्राध्यक्षांचंच बोलत होते. पकडलेला कसाब पाकिस्तानी असल्याबद्दल झरदारी यांनी अमेरिकन वाहिनीवर शंका घेतली होती. मग 12 डिसेंबरला तिथल्याच 'डॉन' या वृत्तपत्राने फरीदकोट गावातून कसाबच्या बापाला शोधून काढलं. 7 जानेवारी 2009ला सरकारनेही तो आपला नागरिक असल्याचं कबूल केलं. आणि ही कबुली देणाऱ्या राष्ट्रीय सुरक्षा सल्लागारांची त्याच दिवशी नोकरी गेली. पुढच्या फोनवर भाईजानांनी फक्त अब्बांच्या गुडघ्यांची चौकशी केली. आम्हीही विषय काढला नाही.

पश्चिमेकडून पाहुणे येतच होते. 3 डिसेंबरला अमेरिकेच्या परराष्ट्रमंत्री कोंडोलिझा राईस दिल्लीत आल्या, त्यानंतर ब्रिटनचे पंतप्रधान ब्राऊन. जानेवारीत त्यांचे परराष्ट्रमंत्री मिलिबँड आले. 'दहशतवादाविरुद्धचं युद्ध' ही कल्पनाच चुकीची होती, तिने वेगवेगळ्या गटांना एकाच गाठोड्यात बांधलं, असं त्यांनी लिहिलं. ते वाचून आम्हांला बरं वाटलं. 2001पासून त्या गाठोड्यात आमच्यासारख्यांनाही कोंबलं जात होतं. पण त्याच लेखात त्यांनी काश्मीरचा प्रश्न सुटला तर अतिरेक्यांच्या हातातलं एक निमित्त जाईल, असंही म्हटलं. दिल्ली रागावली. आम्हीही खट्टू झालो. काश्मीरवर बोलू नये असं नाही. पण ज्या घरात मयत पडली आहे, तिथे जाऊन शेजाऱ्याशी असलेल्या बांधाच्या भांडणाची गोष्ट काढू नये, हे आमच्या गावातल्या अडाणी माणसालाही कळतं. मात्र दुसरं वाक्य टोचलं म्हणून पहिलं खोटं ठरत नाही, हेही तेव्हाच उमगलं.

या सगळ्या निवेदनांपेक्षा मोठं उत्तर मरीन लाइन्सच्या बड्या कब्रस्तानातून आलं. मेलेल्या नऊ हल्लेखोरांना इथे जागा मिळणार नाही, असं विश्वस्तांनी सांगून टाकलं. आम्हांला अभिमान वाटला. अब्बा मात्र अस्वस्थ झाले. म्हणाले, "कफन-दफन फर्जे-किफाया आहे. गुन्हेगाराचीही मयत उघड्यावर टाकत नाहीत." आमचा वाद झाला. शेवटी ते म्हणाले, "माती नाकारणं मला जड जातं. पण आपल्या माणसांशेजारी त्यांना निजवणं त्याहून जड जाईल." 9 डिसेंबरच्या बकरी ईदला त्यांनी दंडाला काळी फीत बांधून नमाज पढली. ते नऊ मृतदेह वर्षभर जे. जे.च्या शवागारात राहिले आणि जानेवारी 2010मध्ये गुपचूप पुरले गेले. ती बातमी आली तेव्हा अब्बा एवढंच म्हणाले, "सुटलो."

आता अब्बा नाहीत, भाईजानही नाहीत. 22 एप्रिल 2025ला पहलगामला 26 माणसं मारली गेली. या वेळी धर्म विचारून गोळ्या घातल्या. मेलेल्यांत डोंबिवलीचे, पुण्याचे, पनवेलचे लोक होते. आणि पर्यटकांना घोड्यावर फिरवून पोट भरणारा एक काश्मिरी मुसलमानही होता. पाकिस्तानच्या संरक्षणमंत्र्यांनी हा भारताचाच बनाव असावा असं सुचवलं, पंतप्रधानांनी तटस्थ चौकशीची भाषा केली. आणि भाईजानांच्या मुलाचा मोबाइलवर निरोप आला : "चाचा, फिर वही ड्रामा?"

तोच शब्द. सतरा वर्षांपूर्वीचं न दिलेलं उत्तर घशात अडकलेलं होतंच. भीती आजही होती. किंबहुना थोडी अधिक. तरी आम्ही लिहिलं, "बेटा, नाटकातली मेलेली माणसं पडदा पडल्यावर उठून घरी जातात. आमच्या डोंबिवलीची तिघं उठली नाहीत. तुझ्या सरकारने काय बोलावं, हे तुझ्या हातात नाही. माझ्या सरकारचं माझ्या हातात नाही. पण मेलेल्याला मेलेला म्हणणं दोघांच्याही हातात आहे. तुझ्या अब्बांना मी हे सांगू शकलो नाही, म्हणून तुला सांगतो."

हे आम्ही कुणाला देशप्रेमाचा दाखला म्हणून लिहिलं नाही. तसा दाखला मागणाऱ्यांना देण्यासारखं आमच्याकडे काही नाही. एका मुसलमानाने दुसऱ्या मुसलमानाला खरं सांगायचं राहून गेलं होतं, तेवढं सांगितलं.

दोन दिवस काही आलं नाही. मग एक ओळ आली : "चाचा, माफ करना. उनके घरवालों को अल्लाह सब्र दे."

आम्ही 'आमीन' लिहिलं.