अहवालातला स्फुरद

मातीच्या अहवालावरचा ‘उपलब्ध स्फुरद’ हा जमिनीतल्या एकूण स्फुरदाचा आकडा नव्हे. एकूण साठ्यातला बहुतेक भाग लोह, ॲल्युमिनियम नाहीतर चुन्याशी जखडलेला असतो. प्रयोगशाळेतलं द्रावण त्यातला जो थोडा भाग सोडवतं तेवढाच अहवालात येतो. आम्लधर्मी मातीसाठी ब्रेची पद्धत (1945) आणि उदासीन किंवा चुनखडीच्या मातीसाठी ओल्सनची (1954) वापरतात. एकाच मातीचे दोन पद्धतींनी दोन आकडे निघतात, म्हणून पद्धत न पाहता ‘कमी’ किंवा ‘जास्त’ म्हणणं मला पटत नाही. एककही पाहावं लागतं. डीएपीच्या 50 किलोच्या गोणीत पी-टू-ओ-फाइव्हच्या हिशेबाने 23 किलो स्फुरद भरतो, पण मूलद्रव्य म्हणून जेमतेम 10 किलो.

दिघाशीसारख्या भाताच्या गावात माती तपासणीवर खरा आक्षेप निघतो तो असा: चिखलणीनंतर खाचरात पाणी साचलं, हवा तुटली की लोहाशी जखडलेला स्फुरद आपोआप मोकळा होतो, मग सुक्या मातीची तपासणी हवी कशाला? आक्षेपात तथ्य आहे, मात्र तो भातापुरताच. पाणी ओसरून खाचर सुकलं की तोच स्फुरद पुन्हा जखडतो आणि भातामागून उरल्या ओलीवर घेतलेल्या वालाला, हरभऱ्याला तो कमी पडतो. सुक्या मातीचा आकडा या पिकांच्या स्थितीला जास्त जवळचा. तो मध्यम असेल तर भाताची मात्रा आखडून कडधान्याच्या पेरणीत बियाण्याखाली स्फुरद देणं मला अधिक शहाणपणाचं वाटतं. दरसाल गोणी टाकून पीक येतंच, असंही म्हणतात. येतं, पण स्फुरद नत्रासारखा सहज वाहून जात नाही, साठत राहतो, आणि फार वाढला तर भाताला जस्त मिळणं अवघड होतं. खर्च वाया जातो तो वेगळाच.

मृदा आरोग्य पत्रिका योजनेने 2015 पासून तपासणी गावोगाव नेली, हे मोठं काम झालं. मात्र योजनेच्या मूळ नियमांनुसार कोरडवाहू भागात एक नमुना 10 हेक्टरांचा होता. अशा नमुन्यात खोलगट खाचर आणि वरकस जमीन एकत्र येऊ शकते. कापणीनंतर, पुढचं खत पडण्याआधी, बांध आणि राबाची जागा टाळून आपल्या खाचराचा वेगळा नमुना द्या आणि अहवाल घेताना तपासणीची पद्धत विचारा.