मत दिलं, अनुमोदना नाही

विधानसभेच्या मतदानाआधीच्या रविवारी बस्तीतून बाहेर पडताना महिला मंडळाच्या अध्यक्षीणबाईंनी मला थांबवलं. "ताई, यंदा सगळ्यांनी एकालाच द्यायचं ठरलंय. समाजाला सभागृह बांधून देतो म्हणालाय." मी "बघू" म्हणून चपला घातल्या.

बेळगावात आम्ही दोनदा अल्पसंख्य. मराठी म्हणून एकदा, जैन म्हणून दुसऱ्यांदा. 2011 च्या जनगणनेत देशात आम्ही सुमारे 44 लाख, म्हणजे शंभरात अर्धासुद्धा नाही. 2014 साली केंद्र सरकारने अल्पसंख्याक म्हणून मान्यता दिली, पण मान्यतेने मतं वाढत नाहीत. आमच्या एकट्याच्या मतांवर कुणी निवडून येत नाही. उभे आहेत त्यांतूनच निवडायचं.

सभागृहवाला मुसलमान वस्तीबद्दल भाषणात काय बोलला, ते मी मोबाईलवर ऐकलं होतं. माझे ब्लाऊज शिवणारी त्याच वस्तीत राहते. दुसऱ्याच्या कंत्राटांतल्या टक्केवारीच्या गोष्टी सगळ्या गल्लीला पाठ.

घरी म्हटलं, "मी नोटाच दाबते."

हे म्हणाले, "दाब की. पण नोटाला सगळ्यांत जास्त मतं पडली तरी उमेदवारांत जो पुढे, तोच आमदार. तुझे हात स्वच्छ राहतील. झळ तिला लागेल."

रात्री झोप आली नाही. सासूबाई आठवल्या. पाणी गाळून झालं की त्या गाळणं उलटं करून त्यावरचे जीव परत विहिरीत सोडायच्या. चूल पेटली की आरंभी हिंसा आलीच, हे श्रावकाला ठाऊक असतं. म्हणून तो संकल्पी हिंसा सोडतो आणि बाकीची कमी करत नेतो. हिंसा पुरती टळत नाही म्हणून सासूबाईंनी पाणी पिणं सोडलं नाही, आणि गाळणंही सोडलं नाही.

मी टक्केवारीवाल्याला मत दिलं.

पण यात एक पळवाट आहे, तीही सांगते. "काय करणार, दुसरा त्याहून वाईट" म्हणता म्हणता आपण पहिल्याला ओवाळायला लागतो. आपल्याकडे कृत, कारित आणि अनुमोदना, असे तीन हिशेब आहेत. मत दिलं म्हणजे कारितात मी आलेच. त्याने खाल्लं तर त्यातला कण माझ्या खात्यावर. अनुमोदना मात्र माझ्या हातात आहे. तो निवडून आला, गल्लीत सत्कार झाला, मी गेले नाही. पुढच्या महिन्यात गटाराच्या कामाचा खर्च विचारणाऱ्या अर्जावर पहिली सही माझी होती.

सभागृह काही झालं नाही. अध्यक्षीणबाई अजून तुटक बोलतात. "समाजाचं नुकसान केलंत," असं एकदा तोंडावर म्हणाल्या. उत्तरात म्हणता आलं असतं, आज त्यांच्यावर घसरणारा उद्या आपल्यावर घसरेल. पण ते भीतीचं उत्तर झालं. आपल्यावर कधीच घसरला नसता, तरी मी त्याला मत दिलं नसतं. एवढंच त्यांना सांगितलं.