पास आहे, पायरी उंच आहे

परवा बसस्टँडवर एकजण तावातावाने बोलत होता : बायकांना फुकट, अपंगांना वर्षाला ६६० रुपयांत पास, मग पूर्ण तिकीट आम्हीच का काढायचं? ते ऐकल्यापासून मला स्वस्थता नाही.

आमच्या शेजारच्या टीचर व्हीलचेअरवर असतात. बायकांना फुकट प्रवास देणाऱ्या कर्नाटकच्या ‘शक्ती’ योजनेमुळे ११ जून २०२३पासून त्यांना शून्य रुपयांचं तिकीट मिळू शकतं. पण ते साध्या बसमध्ये. साध्या बसची फरशी रस्त्यापासून सुमारे ९०० मिलीमीटर वर, म्हणजे तीन पायऱ्या. म्हैसुरात ४०० मिलीमीटरवर फरशी असलेल्या बस आल्या त्या व्होल्वोच्या, वातानुकूलित. तिथे ‘शक्ती’ चालत नाही. म्हणजे ज्या बसमध्ये टीचर चढू शकतील तिथे पैसे मोजायचे, आणि जिथे फुकट तिथे चढता येत नाही. सोबतीला येणारा मुलगा तर कुठेही पूर्णच तिकीट काढतो.

अशा वेळी मला आपली महाराष्ट्राची एसटी आठवते. अपंगांना ७५ टक्के सवलत, अपंगत्व ६५ टक्क्यांच्या वर असेल तर सोबत्यालाही अर्धं तिकीट. कुणीतरी बरोबर लागणारच, हे एसटीने ओळखलं, याचा मला अभिमान वाटतो. पुढे ऑगस्ट २०२२मध्ये पंचाहत्तरीपुढच्यांना मोफत, मार्च २०२३मध्ये बायकांना अर्धं तिकीट. इथे कर्नाटकात अंधांना मोफत पास आहे, तेही चांगलंच. पण लाल डब्याची पायरी काही खाली आलेली नाही. तिकडेही माणसाला उचलूनच घ्यावं लागतं.

आणि उचलायचं तर नीट उचला. मदतीला धावणारे लोक बहुधा खुर्चीचे हात धरतात. बऱ्याच खुर्च्यांचे हात निघणारे असतात, ते सुटून हातात येतात आणि बसलेलं माणूस कलंडतं. धरायची ती खालची पक्की चौकट. आधी ब्रेक लावा, आणि कुठून धरू हे खुर्चीतल्या माणसालाच विचारा. टीचर स्वच्छ सांगतात, पण विचारतं कोण? ड्रायव्हरने बस फुटपाथला चिकटवून उभी केली तर निम्मं ओझं कमी होतं. रस्त्याच्या मधोमध थांबवली तर चारजणही कमी पडतात.

म्हणून टीचर रिक्षाने जातात. खुर्ची घडी करून मागे, मीटरचे पैसे पूर्ण. ६६० रुपयांचा पास काढणाऱ्या कित्येकांचा महिन्याचा रिक्षाखर्च त्याहून जास्त होत असेल. बसस्टँडवरच्या त्या गृहस्थांनी हा हिशेब धरलेला नाही. बस आणि बसस्थानकं अपंगांना वापरता येतील अशी करण्याची जबाबदारी २०१६च्या अपंग हक्क कायद्याने सरकारवर टाकली आहे. माझं म्हणणं एवढंच, की व्हीलचेअरवरच्या प्रवाशाला, बाई असो की पुरुष, सोबत्यासकट तिकीट माफ करा, आणि ते खालच्या फरशीच्या बसमध्ये आधी करा. शहरासाठी यापुढे घ्याल त्या साध्या बसही तशाच घ्या, उतरत्या फळीसकट.