पंधरा अंशांची थंडी

नवी मुंबईत कसली आलीय थंडी, असं दर जानेवारीत म्हटलं जातं. हवामान खात्याला तसं वाटत नाही: थंडीच्या लाटेसाठी मैदानात किमान तापमान १० अंशांपर्यंत उतरावं लागतं, किनाऱ्यावर मात्र १५ अंश आणि सरासरीपेक्षा साडेचार अंशांची घट पुरते. ही सवलत नव्हे. दमट उकाड्याला सरावलेलं शरीर तेवढ्यानंही गारठतं. सांताक्रूझला तर २२ जानेवारी १९६२ रोजी पारा ७.४ अंशांवर गेला होता. अमेरिकेतल्या बफेलोत एरी सरोवराच्या वाफेचा ढीगभर बर्फ पडतो, हे खरं. पण तिथली घरं थंडीसाठीच बांधलेली असतात. इथे वाशीच्या भाजी मार्केटात पहाटे ओल्या मेथीच्या जुड्या उतरवणाऱ्याच्या डोक्याला नुसता रुमाल, आणि उड्डाणपुलाखाली झोपलेल्याच्या अंगाखाली पुठ्ठा. ही थंडी आणणाऱ्या उत्तरेच्या वाऱ्याचा अंदाज दोन-तीन दिवस आधी मिळतो. तेवढ्यात त्या पुठ्ठ्यापर्यंत घोंगडी पोचवता येते.